गंजिफा हातात हवी

सावंतवाडीचा राजवाडा बघायला आलेली माणसं दरबार हॉलमध्ये थबकतात, ती तिथे बसून गोल चकत्यांवर रंगकाम करणाऱ्या कलाकारांपाशी. तळहातात मावेल एवढी चकती, केसासारखा बारीक कुंचला, आणि चकतीवर ओळीने येत जाणारे मासे. आधी अंगाचा रंग, मग पोटाकडची बारीक रेघ, मग खवले, सगळ्यात शेवटी डोळ्याचा ठिपका. पाच मासे झाले की ती चकती बाजूला ठेवायची आणि सहा माशांची घ्यायची. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतंच, की हे चहाच्या कपाखाली ठेवायचे आहेत का. कलाकार न कंटाळता सांगतो, ‘नाही, ही गंजिफा. पत्ते आहेत.’ मग पुढचा प्रश्न येतो तो किमतीचा, आणि त्याच्या पुढचा, फ्रेम करून मिळेल का हा.

हे कसे खेळतात, असं विचारणारा माणूस मी तिथे फार क्वचित पाहिला.

मला फ्रेमबद्दल राग नाही. फ्रेम झाल्या म्हणून कलाकारांची घरं चालली, आणि ती चालली म्हणून हात शिकत राहिले. पण दहा अवतारांचे दहा राजे काचेमागे टांगलेले बघितले की मला चुटपुट लागते. ती चित्रं भिंतीसाठी काढलेलीच नव्हती. ती काढली होती पिसण्यासाठी, वाटण्यासाठी, हातात धरून लपवण्यासाठी, आणि योग्य वेळी सतरंजीवर टाकण्यासाठी.

दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार म्हणजे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान, आणि एकपासून दहापर्यंतची दहा. राजाच्या पानावर खुद्द अवतार बसलेला असतो, प्रधान बहुधा घोड्यावर. बाकीच्या पानांवर त्या अवताराची खूण, जितक्या आकड्याचं पान तितक्या वेळा. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू. खालची जमीनही प्रत्येक रंगाची वेगळी. हे नुसतं सजावटीसाठी नाही. तीन खेळाडू असले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० पानं येतात. चाळीस गोल पानं एका हातात पसरून धरली की प्रत्येकाची जेमतेम एक कोर दिसते, आणि त्या कोरीच्या रंगावरून पान ओळखायचं असतं. चित्रकाराने जमीन कुठल्या रंगाची घ्यावी हे खेळणाऱ्याच्या डोळ्याने ठरवलेलं आहे.

पुढे खरी गंमत आहे. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानाच्या खाली दश्शी मोठी, मग नव्वी, अठ्ठी असं उतरत एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाच रंगांत हेच उलटं: प्रधानाच्या खाली एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात लहान. म्हणजे एकाच हातातली दोन दहाची पानं, एक जवळजवळ राजाच्या शेजारी बसलेलं, दुसरं पार तळाला. बावन्न पत्त्यांवर वाढलेल्या माणसाचा इथे पहिल्यांदा गोंधळ उडतो, आणि मग लक्षात येतं की एवढ्या एका नियमाने खेळ किती खोल झाला आहे.

आणि हुकमाचा रंग नाही! कुठलाच अवतार दुसऱ्याला कापत नाही. राम कृष्णावर चढत नाही, नरसिंह वामनाला मारत नाही. रंगातल्या रंगातच लढायचं. त्यामुळे सगळा डाव येऊन थांबतो तो स्मरणावर. परशुरामाचा राजा गेला का, प्रधान गेला का, त्याखालची कुठली पानं पडली आणि कुणी टाकली, हे ज्याच्या डोक्यात पक्कं आहे त्यालाच ठाऊक असतं, की आपल्या हातातलं मघापर्यंत किरकोळ असलेलं पान आता त्या रंगातलं सगळ्यात वरचं झालं आहे. नशिबाने आलेली चाळीस पानं तीन माणसांत जवळजवळ सारखीच बरीवाईट असतात. फरक पडतो तो लक्षात ठेवण्याने. मला माहीत असलेल्या पत्त्यांच्या खेळांत ब्रिज सोडला तर इतकी मागणी करणारा दुसरा खेळ नाही.

डाव कुणी सुरू करायचा याचा नियम तर मला फारच आवडतो. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा आला तो पहिली उतारी करतो. दिवेलागणीनंतर बसलात तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो. सूर्यवंशी राम दिवसाचा, मध्यरात्री जन्मलेला कृष्ण रात्रीचा. ज्याने हा नियम घातला त्याने उन्हाला आणि अंधारालाही खेळात जागा दिली.

हा खेळ मुळात इथला नाही, आणि ते सांगताना कमीपणा वाटायचं कारण नाही. भारतात गंजिफेचा पहिला नीट उल्लेख बाबराच्या आठवणींत आहे. १५२७ मध्ये त्याने सिंधमधल्या ठठ्ठ्याला शाह हसनकडे गंजिफा पाठवली, कारण हसनला या खेळाची आवड होती. एका बादशहाने दुसऱ्याच्या हौशीची आठवण ठेवून पत्ते पाठवावेत, आणि ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवावं! पुढे अकबराच्या दरबाराचं वर्णन करताना अबुल फजलने बारा रंगांचा १४४ पानांचा जोड नोंदवला आहे. त्यात अश्वपती आहे, गजपती आहे, गढपती आहे, नावांचा म्हणजे होड्यांचा स्वामी नवपती आहे, आणि शेवटी सापांचा राजा अहिपती. ती यादी वाचताना एक अख्खं राज्य डोळ्यांपुढे उभं राहतं: घोडदळ, हत्ती, किल्ला, खजिना, आरमार, रान. मोगली गंजिफेचा सर्रास चालणारा जोड मात्र आठ रंगांचा, ९६ पानांचा. ताज, शमशेर, गुलाम अशा दरबारी खुणांचा. आपल्याकडे त्याला चंगकांचन म्हणतात.

दरबारातला हा खेळ देशभर फिरला आणि जिथे गेला तिथला झाला. बंगालात विष्णुपूरला मल्ल राजांच्या आश्रयाने दशावतारी पानं झाली. ओडिशात रघुराजपूरसारख्या गावांत पटचित्रकारांच्या हातांनी ती रंगवली. म्हैसूरला तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर स्वतःच नवे खेळ रचले, त्यातला एक तीनशेहून अधिक पानांचा. आणि सह्याद्रीच्या खाली, सावंतवाडीत, चितारआळीतल्या चिताऱ्यांनी ती लाखेच्या झिलईत उतरवली. चिंचोक्याची खळ, कागद-कापडाचे थर, घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग, त्यावर रंग, आणि वरून लाख. घामेजल्या हातांनी रात्ररात्र खेळलं तरी पान मऊ पडू नये म्हणून ही सगळी मेहनत. लाखेची चकाकी ही शोभा आहेच, पण आधी ते चिलखत आहे.

दक्षिण कोकणात दशावतार रुजला याचं मला मुळीच नवल वाटत नाही. जत्रेत देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटक बघणारी ही माणसं. अवतार त्यांना पोथीतून कमी आणि समईच्या उजेडात, रंगवलेल्या चेहऱ्यांनी, दहा पावलांवरून जास्त भेटलेले. त्यांच्या हातात वराह आणि नरसिंह पानांवर आले ते ओळखीचे म्हणूनच. शिवाय पत्ते म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडायची. जुगार, वेळेचा नाश, दिवसा पत्ते कुटणारा पोरगा. पण हे पत्ते हातात घेतले की तोंडी रामाचं, कृष्णाचं, वामनाचं नाव येत होतं. खेळता खेळता नामस्मरण घडतं, असं मानलं जाई. मला ही पळवाट वाटत नाही. ज्या समाजात करमणुकीलाही देवाची परवानगी लागे, तिथे कुणीतरी देवालाच डावात बसवून घेतलं, यात मोठं शहाणपण आहे.

मग छापील बावन्न पत्ते आले. स्वस्त, हलके, चौकोनी, कुठल्याही दुकानात मिळणारे. १२० पानं रंगवायला माणसाला किती दिवस लागतात आणि यंत्राला बावन्न पानं छापायला किती वेळ लागतो, हा सामनाच नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपत आली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती उचलून धरली तेव्हा जुनी विद्या हातात असलेले वयोवृद्ध पुंडलिक चितारी होते. त्यांच्याकडून राजा-राणी स्वतः शिकले. राजवाड्यातल्या माणसांनी चिताऱ्यापुढे शिष्य म्हणून बसावं, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात देखणी वाटते. मग राजवाड्यातच तरुण मुलामुलींना शिकवून उभं केलं. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, तोवर त्यांनी हे काम सोडलं नव्हतं. त्याच काळात रुडॉल्फ फॉन लायडन हा मुंबईत वर्षानुवर्षं राहिलेला जर्मन माणूस, ज्याने हुसेन, रझा, सूझा या चित्रकारांच्या पिढीला पाठबळ दिलं, तो देशभरच्या गंजिफा गोळा करत होता. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये गंजिफांचं प्रदर्शन झालं, त्यामागे त्याचा अभ्यास होता. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. चित्र वाचलं ते त्यांच्यामुळे. पण खेळ वाचला का?

बावन्न पत्त्यांकडे बघा. त्यांची चित्रं आज कुणी भिंतीवर लावणार नाही, पण ते जिवंत आहेत, आणि त्यांच्या अंगावर खेळाच्या खुणा आहेत. बदामचा राजा काढून जवळून पाहा. त्याच्या हातातली तलवार डोक्यामागे गेलेली आहे, जणू ती त्याने स्वतःच्या कवटीत खुपसली आहे. मुळात त्याच्या हाती परशूसारखं शस्त्र होतं. छापणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या नकलेची नक्कल केली आणि त्यात पातं हरवलं. इस्पिकचा एक्का एवढा थोरला आणि नक्षीदार का? इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण त्या एक्क्यावर उठवत. तो कर १९६० मध्ये गेला, नक्षी राहिली. राजा-राणीला दोन्हीकडे डोकी आली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी उलटं आलेलं चित्र खेळाडू सुलटं करून घेई, आणि समोरच्याला कळे की याच्याकडे चित्र आहे. कोपऱ्यात आकडे आले ते पानं एका हातात पंख्यासारखी धरता यावीत म्हणून. एकेक बदल कुणीतरी खेळत होतं म्हणून झाला. चालत्या खेळातलं चित्र असं घासत, बदलत, कधी बिघडतही जातं. भिंतीवरचं चित्र जसंच्या तसं राहतं.

आणि आपण त्या परक्या पत्त्यांचं काय केलं! कोकणात चालणारा तीनशे चार घ्या. तिथे गुलाम सगळ्यांच्या डोक्यावर. त्याचे ३० गुण, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, आणि बिचाऱ्या राजाचे फक्त ३, राणीचे २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. ज्या मुलाचं पाढ्यांशी कधी जमलं नाही तो या बेरजा पापणी न हलवता करतो. मेंढीकोटात सगळा जीव चार दश्श्यांत. राजे, राण्या, एक्के ही नुसती त्या दश्श्या पकडायची फौज. बंद हुकूम लावून एक पान पालथं ठेवलेलं असतं, आणि कुणाचा तरी रंग संपून तो ‘हुकूम उघडा’ म्हणेपर्यंत चौघांचे श्वास त्या पालथ्या पानाशी अडकलेले असतात. कर्जत-कसाऱ्याच्या लोकलमध्ये समोरासमोरच्या दोन बाकांवर चौघं बसतात, मध्ये गुडघ्यांवर ब्रीफकेस किंवा वर्तमानपत्र, आणि गाडीच्या हिंदकळण्यातही हात घसरत नाही. पाचवा उभा राहून बघतो आणि स्टेशन आलं की उतरणाऱ्याची पानं तो घेतो, डाव न मोडता. नावंसुद्धा माहीत नसतात कित्येकांना एकमेकांची. कोण बंद हुकमात काय ठेवतो हे मात्र नेमकं माहीत असतं.

आमच्या घरी गणपतीच्या रात्री अशाच जायच्या. आरत्या झाल्या, पोरं आडवी झाली की माजघरात सतरंजी पडायची. माझी आजी एरवी कुणाला उलटून बोलली नाही, पण मेंढीकोटात जोडीदाराने दश्शी फुकट घालवली तर तिच्या नजरेनेच तो पाणी मागायचा. दुपारी बायकांचे वेगळे डाव असत, कामं आवरल्यावर, पाच-तीन-दोन किंवा झब्बू, तोंडाने गप्पा आणि हाताने पानं. घरातली ती एकच वेळ होती जेव्हा काकूला सासूवर चढाई करायची मुभा होती, आणि ती काकू मनापासून वापरायची.

म्हणून मला वाटतं, गंजिफेला मिळालेला मान पुरेसा नाही. तिला माणसं मिळायला हवीत. हाताने रंगवलेला १२० पानांचा जोड काही हजारांत जातो, आणि त्यामागची मेहनत पाहता तेवढा जायलाच हवा. तो कुणी पिसणार नाही, आणि पिसूही नये. पण त्याच चित्रांवरून जाड पुठ्ठ्यावर छापलेला, सामान्य घराला परवडेल असा जोड दुकानात मिळायला काय हरकत आहे? सोबत मराठीत लिहिलेला नियमांचा कागद, पाच सरळ रंग कुठले आणि पाच उलटे कुठले याची चित्रांसकट ओळख, एक नमुन्याचा डाव. कलाकाराचं त्याने नुकसान होणार नाही. ज्याला खेळाची चटक लागली तोच पुढे कधीतरी रंगवलेला जोड घ्यायला सावंतवाडीला जाईल, आणि तो कुंचल्याकडे बघेल तो निराळ्या नजरेने. त्याला कळेल की हा पाचवा मासा किती ठळक असायला हवा.

मी गंजिफा खेळायला शिकलो ते छापील कागदाच्या चकत्या कापून, मित्रांना जमवून. सुरुवातीला रंग सरळ की उलटा यावर दर हाताला भांडण व्हायचं. मग एकाने दहा अवतार दोन रांगांत लिहून मधोमध ठेवले आणि डाव धावू लागला. मित्राची मुलगी चौथीत होती. ती आधी नुसती बसून बघायची, आणि तिने आमच्याआधी पानं लक्षात ठेवायला सुरुवात केली. ‘काका, कूर्माचा प्रधान मघाशीच पडला,’ असं तिने मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं पान वरचढ झाल्याचं मला तिच्यामुळे कळलं. त्या वर्षी तिला दशावतार शिकवावे लागले नाहीत.

एक काम मात्र आत्ताच करायला हवं, कारण त्याला उशीर चालणार नाही. ओडिशात काही गावांत म्हातारी माणसं अजून हा खेळ खेळतात. आपल्याकडे सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेलगत, किंवा देशावरच्या एखाद्या जुन्या वाड्यात लहानपणी गंजिफेचा डाव पाहिलेलं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसून विचारा. पानं कशी वाटत, उतारी कशी करत, डाव संपल्यावर देणंघेणं कसं चुकवत, कुठल्या पानाला काय म्हणत. प्रत्येक गावाचा नियम थोडा वेगळा असणार, तो तसाच लिहून घ्या, दुरुस्त करू नका. माळ्यावर गोल चकत्यांचा लाकडी डबा सापडला तर पानं मोजा, प्रत्येक पानाचा फोटो काढा, पण ओल्या फडक्याने पुसू नका, लाख उठते. आणि त्या आजी-आजोबांना हौस असली तर डबा उघडून त्यांच्यासमोर बसा आणि म्हणा, वाटा.